सिस्टर सेलिन : अकरा छापील पानं

रेषाखंड

परवा 'गणितातल्या बायका' या धाग्यावर नेहमीची नावं आली. हायपेशिया, सोफी जर्मेन, कोवालेव्हस्काया, एमी नोएदर. मी तिथे 'सिस्टर सेलिन' एवढंच लिहिलं, तर तिघांनी विचारलं, ही कोण बुवा? उत्तर द्यायला बसले आणि प्रतिसाद मारुतीच्या शेपटीसारखा लांबत गेला, म्हणून हा वेगळा धागा. थोडं गणित येणार आहे. शाळेत पास्कलचा त्रिकोण काढला असेल तर तेवढ्यावर भागेल.

सिस्टर मेरी सेलिन फासेनमायर, गणित करणारी एक कॅथलिक नन. जन्म ४ ऑक्टोबर १९०६, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात क्राउन नावाच्या खेड्यात. हा सगळा तेलाचा मुलूख. त्याच भागातल्या टायटसव्हिलला १८५९ मध्ये ड्रेकची ती प्रसिद्ध तेलविहीर लागली आणि अमेरिकेतला खनिज तेलाचा धंदा उभा राहिला. सेलिनच्या वडिलांचाही स्वतःचा तेलाचा पट्टा होता, तो ते स्वतःच राबवायचे. ती वर्षाची असताना आई गेली, पुढे वडिलांनी दुसरं लग्न केलं. टायटसव्हिलच्याच सेंट जोसेफ अकॅडमीतून १९२३ मध्ये तिची शाळा संपली. मग दहा वर्षं मास्तरकी. १९३३ मध्ये ईरी सरोवराकाठच्या मर्सीहर्स्ट कॉलेजातून पदवी घेतली आणि ते कॉलेज चालवणाऱ्या सिस्टर्स ऑफ मर्सी या संघात ती दाखल झाली. कॉलेज तेव्हा अवघं सात वर्षांचं होतं. संघ मात्र जुना, १८३१ साली डब्लिनमध्ये कॅथरीन मकॉली यांनी काढलेला. शाळा आणि दवाखाने हेच त्यांचं मुख्य काम.

इथून पुढे कुठे जायचं हे संघ ठरवत गेला. पिट्सबर्गच्या एका शाळेत शिकवायला पाठवलं, तिथेच विद्यापीठात एमए कर म्हणून सांगितलं. ते १९३७ ला झालं. मग मिशिगन विद्यापीठात पीएचडीसाठी पाठवलं. १९४६ मध्ये ती अर्ल रेनव्हिल यांच्या हाताखाली डॉक्टर झाली. आपल्याकडे एमएस्सीला स्पेशल फंक्शन्स घेतलेल्यांना रेनव्हिल हे नाव पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून ओळखीचं असेल. तेच हे.

आता तिने केलं काय? लजांद्र, हर्मिट, लागेर अशी बहुपदींची घराणी असतात, भौतिकशास्त्रवाल्यांची त्यांच्याशी रोजची गाठ. घराण्यातली पुढची बहुपदी आधीच्या एकदोन बहुपदींवरून काढून देणारा जो नियम, तो रिकरन्स. सेलिनच्या आधी असा रिकरन्स शोधायचा तर प्रत्येक घराण्याला वेगळी युक्ती लागायची. कुठे जनक फलन वापरा, कुठे विकलन करून बघा, कुठे दोन ओळी एकमेकींतून वजा करून काही हाती लागतंय का पाहा. तिने दाखवलं की मालिका समोर असेल तर युक्ती लढवायची गरजच नाही. ठरलेल्या पायऱ्या चढत जा, रिकरन्स मिळतो.

उदाहरण घेऊ. न वस्तूंतून क वस्तू निवडण्याचे जितके मार्ग, त्यांना निवड(न, क) म्हणू. पास्कलच्या त्रिकोणात हेच आकडे असतात, न = ४ ची ओळ म्हणजे १, ४, ६, ४, १. त्रिकोणाचा नियम सगळ्यांना पाठ आहे:

निवड(न, क) = निवड(न−१, क) + निवड(न−१, क−१)

या नियमात क फक्त कंसांच्या आत आहे. बाहेर गुणक म्हणून तो कुठेही आलेला नाही. त्यामुळे क च्या सगळ्या किमतींसाठी हा नियम एकाखाली एक लिहून उभी बेरीज केली, की डावीकडे न-व्या ओळीची बेरीज येते आणि उजवीकडे आधीच्या ओळीची बेरीज दोनदा. म्हणजे दर ओळीला बेरीज दुप्पट. १, २, ४, ८, १६.

हे झालं आयतं मिळालेलं. सेलिन ते घडवून आणते. समजा प्रत्येक आकड्याला त्याच्या क ने गुणून बेरीज हवी आहे, म्हणजे फ(न, क) = क × निवड(न, क). न = ४ साठी ० + ४ + १२ + १२ + ४ = ३२. न = ३ साठी ० + ३ + ६ + ३ = १२. आता तीन अनोळखी गुणक घेऊन मांडा:

अ × फ(न, क) + ब × फ(न−१, क) + ड × फ(न−१, क−१) = ०

अट एकच, की अ, ब, ड मध्ये न चालेल पण क नको. सगळ्याला फ(न, क) ने भागा. शेजारच्या पदांची गुणोत्तरं साधे अपूर्णांक निघतात, फॅक्टोरियल (१ × २ × ३ असे एका आकड्यापर्यंतचे गुणाकार) सगळी उडून जातात. छेद सारखे करा. वर क ची एक बहुपदी उरते आणि ती क काहीही असला तरी शून्य हवी, म्हणजे क च्या प्रत्येक घाताचा सहगुणक शून्य. झाली साधी रेषीय समीकरणं. ती सोडवली की

(न−१) × फ(न, क) = न × [फ(न−१, क) + फ(न−१, क−१)]

आणि उभी बेरीज केली की (न−१) × बेरीज(न) = २न × बेरीज(न−१). न = ४ घालून पाहा. ३ × ३२ = ९६. ८ × १२ = ९६.

पहिल्या मांडणीत उत्तर आलं नाही तर आणखी पदं घ्यायची, दोन ओळी मागे जायचं. अशा बेरजांच्या फार मोठ्या वर्गासाठी पुरेशी पदं घेतली की उत्तर येतंच, हे पुढे १९९२ मध्ये विल्फ आणि झाइलबर्गर या गणितींनी सिद्ध केलं. कारण पदं वाढवत गेलं की अनोळखी गुणकांची संख्या समीकरणांच्या संख्येला मागे टाकते.

या कामावर तिचे दोन शोधनिबंध आहेत. एक १९४७ चा, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये, पान ८०६ ते ८१२. दुसरा १९४९ चा, अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथलीत, पान १४ ते १७. सात आणि चार, अकरा पानं. त्यानंतर ती मर्सीहर्स्टला परतली आणि गणित शिकवत राहिली. पुढे संशोधन नाही.

पद्धत जिवंत राहिली ती गाईडमुळे. रेनव्हिलने १९६० च्या 'स्पेशल फंक्शन्स' मध्ये ती तिच्या नावानिशी घेतली. मग १९८२ मध्ये डोरॉन झाइलबर्गर यांचा निबंध आला, त्याच्या मथळ्यातच सिस्टर सेलिनचं तंत्र. त्यांच्या लक्षात आलं होतं की हे फक्त बहुपदींचं काम नाही. चयनशास्त्रातली, म्हणजे निवडी आणि मांडण्या मोजण्याच्या गणितातली, शेकडो सर्वसमीकरणं, जी सिद्ध करायला प्रत्येक वेळी कोणाच्या तरी डोक्यातून कल्पना निघावी लागायची, ती या रस्त्याने यंत्राकडून सिद्ध करून घेता येतात. १९९६ मध्ये पेटकोवशेक, विल्फ आणि झाइलबर्गर यांचं 'ए = बी' हे पुस्तक आलं, त्यात एक अख्खं प्रकरण सिस्टर सेलिनच्या पद्धतीवर आहे. त्याच वर्षी २७ डिसेंबरला ती ईरीत वारली. नव्वद वर्षांची होती.

मला या गोष्टीत धर्म विरुद्ध विज्ञान वगैरे काही दिसत नाही. मला दिसतं ते टाइमटेबल. पण त्याबद्दल प्रतिसादांत बोलू.

निवांत_जीव

वाचतोय. त्या 'क बाहेर नको' वर जरा अडलो होतो, कागदावर लिहिल्यावर कळलं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पेठेतला_एकटा

लेख चांगला आहे, पण शेवटचं पटलं नाही. बाईने चाळिशीत पीएचडी केली, एक मूलभूत पद्धत शोधली आणि मग वर्षानुवर्षं एका गावातल्या कॉलेजात अल्जेब्रा शिकवला. हे नुकसान कोणी केलं? तिला स्वतःचं आयुष्य स्वतः ठरवायची मुभा नव्हती म्हणून झालं ना? ज्या चर्चने गॅलिलिओला गुडघे टेकायला लावले त्याच चर्चची ही शिस्त. तुम्ही त्याला गोड शब्दांत टाइमटेबल म्हणताय.

वसईची_लेक

पेठेतला_एकटा, गॅलिलिओचं नाव काढलंत म्हणून आधी ते. त्याची थोरली मुलगी विर्जिनिया ननच होती. आर्चेत्रीच्या सान मात्तेओ मठातली सिस्टर मारिया चेलेस्ते. तिने बापाला लिहिलेली १२४ पत्रं शिल्लक आहेत. मठाचा दवाखाना ती बघायची, औषधं बनवायची, बापाच्या कॉलरांना इस्त्री करून पाठवायची. खटल्यानंतर त्याला जी शिक्षा झाली त्यात दर आठवड्याला पश्चात्तापाची स्तोत्रं म्हणायची होती. ती तिने बापाऐवजी स्वतःकडे घेतली. १६३४ मध्ये तेहेतिसाव्या वर्षी गेली. एकाच घरात दोन्ही होतं, एवढंच म्हणायचंय.

आता आज्ञापालनाबद्दल. माझी आत्या धर्मभगिनी आहे, म्हणून जवळून पाहिलंय. व्रतं तीन असतात: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. बाहेरच्या लोकांना ब्रह्मचर्य सगळ्यात अवघड वाटतं. आत्या म्हणते, बाई गं, त्याचं काही नाही, जिवावर येतं ते आज्ञापालन. तिला बॉटनी घ्यायचं होतं. मदर प्रोव्हिन्शियलनी, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुखांनी, सांगितलं फिजिक्स घे, कारण संघाच्या शाळेत फिजिक्सला माणूस नव्हतं. घेतलं. मग पंचवीस वर्षं व्हर्नियर कॅलिपर आणि स्क्रू गेज. आणि बदल्या! पत्र येतं, दोन बॅगा भरायच्या, सोमवारी नव्या शाळेत हजर. आम्ही दिलेलं मनगटी घड्याळसुद्धा तिचं नाही, संघाचं. एकदा ते दुसऱ्याच सिस्टरच्या हातात दिसलं, माझी आई आठवडाभर धुमसत होती.

पण याच आत्याला संघाने शिकवलं. घरात सहा भावंडं, आजोबांची केळीची वाडी. तिच्या दोन्ही बहिणींची लग्नं अठराव्या वर्षी झाली. आज्ञा झाली म्हणून तर ती एमएस्सीपर्यंत गेली. सेलिनचंही तेच दिसतंय. मिशिगनला जा ही आज्ञा होती आणि परत ये हीसुद्धा.

रेषाखंड

वसईची_लेक, शेवटचं वाक्य माझ्या लेखात असायला हवं होतं.

पेठेतला_एकटा, मुभा नव्हती हे खरंच आहे, ते कोणी नाकारत नाही. पण तुलना कोणाशी करताय? १९४६ च्या अमेरिकेत गणितात पीएचडी झालेल्या बाईला मोठ्या विद्यापीठात संशोधनाची जागा कितपत मिळत होती? नोएदरसारखीला अमेरिकेत आल्यावर ब्रिन मॉरला, म्हणजे बायकांच्या कॉलेजात नोकरी मिळाली. लग्न केलेल्या कितीतरी जणींचं गणित स्वयंपाकघराच्या दारात संपलं. संघाच्या कॉलेजात सेलिनला निदान गणिताचा फळा मिळाला, आणि तो आयुष्यभर मिळाला.

टाइमटेबल म्हणाले ते अशासाठी. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. लेक्चर, पेपर तपासणी, प्रॅक्टिकलच्या वह्या, त्यात निवडणुकीची ड्युटी. संशोधन करू नकोस असं मला कोणी म्हटलेलं नाही. कर असंही कोणी म्हटलेलं नाही. छोट्या कॉलेजात माणूस घेतात ते शिकवायला, मग ते कॉलेज सिस्टरांचं असो की शिक्षणमहर्षींचं. सेलिनला डॉक्टरेट करायला पाठवलं ते कॉलेजात डॉक्टरेटवाले लागतात म्हणून. काम झालं, वर्ग सुरू. यात खलनायक शोधायला गेलं तर सापडत नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त टोचतं.

पेठेतला_एकटा

निवडणुकीच्या ड्युटीवर मात्र तुम्हाला माझं पूर्ण समर्थन. बाकी मतभेद नोंदवून ठेवतो.

बगनाशक

संगणकवाल्यांच्या वतीने आणखी एक सिस्टर. मेरी केनेथ केलर. जन्म १९१३, क्लीव्हलँड. १९३२ मध्ये दुसऱ्या एका संघात गेली, शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातून गणितात बीएस, एमएस. आणि ७ जून १९६५ ला विस्कॉन्सिन विद्यापीठातून संगणकशास्त्रात पीएचडी. अमेरिकेत या विषयातली पीएचडी मिळवणारी पहिली बाई. त्याच दिवशी सेंट लुईसला अर्व्हिंग टँग यांना याच विषयातली डॉक्टरेट मिळाली, त्यामुळे अमेरिकेतली पहिलीवहिली कोणाची यावर लोक अजून तासांचा हिशोब मांडत बसतात.

प्रबंधाचा विषय आजच्या दिवसांत वाचण्यासारखा आहे. बैजिक राशींचं विकलन यंत्राने सूत्ररूपात करायचं आणि नमुन्यांवरून नियम यंत्रानेच काढायचा. प्रोग्रॅम फोरट्रान या संगणकभाषेत. लगेच त्याच वर्षी आयोवातल्या डब्यूक गावी, संघाच्याच क्लार्क कॉलेजात तिने संगणकशास्त्राचा विभाग काढला आणि वीस वर्षं चालवला. तान्ही बाळं असलेल्या विद्यार्थिनींनी बाळ घेऊन वर्गात यावं, असं तिचं म्हणणं होतं. १९८५ मध्ये गेली.

आणि हो, बेसिक भाषा बनवण्यात तिचा हात होता असं सगळीकडे वाचलंय. आमच्या पिढीने शाळेत पहिला प्रोग्रॅम बेसिकमध्येच लिहिला, १० प्रिंट, २० गो टू १०.

चिकित्सक_चिंतामणी

बगनाशक, बेसिकचं जपून. बेसिक डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून बनवली, १ मे १९६४ ला पहाटे पहिला प्रोग्रॅम चालला. केलरबाई डार्टमथला गेल्याचं साल १९५८ असं सांगतात, म्हणजे बेसिकच्या सहा वर्षं आधी. बेसिकच्या दोन्ही जनकांनी ज्यांना श्रेय दिलंय ते त्यांचे पदवीचे विद्यार्थी आहेत. 'डार्टमथने पुरुषांचा नियम मोडून ननला आत घेतलं आणि तिने बेसिक लिहिली' हे वाक्य एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर उड्या मारत फिरतं आहे. डार्टमथ १९७२ पर्यंत पुरुषांचंच होतं हे खरं, पण त्यावरून बेसिक तिच्या नावावर चढत नाही. तिची पीएचडी आणि तिने शून्यातून काढलेला विभाग एवढं भक्कम असताना हे उसनं पीस कशाला?

याच न्यायाने सेलिनबद्दल एक विचारतो. 'यंत्राने सिद्धता' हे श्रेय तिचं की झाइलबर्गरचं?

रेषाखंड

चिकित्सक_चिंतामणी, सरळ उत्तर: झाइलबर्गरचं. सेलिनने बहुपदींचे रिकरन्स काढायची कृती दिली. १९४६ मध्ये तिच्यासमोर यंत्र नव्हतं, तिने सगळं हाताने केलं. ही कृती सर्वसमीकरणं सिद्ध करू शकते हे झाइलबर्गर यांनी पाहिलं. शिवाय तिची पद्धत यंत्रावर फार हळू चालते, समीकरणांची संख्या भराभर वाढते. आज गणिताच्या पॅकेजात जे चालतं ते झाइलबर्गर यांचं १९९० चं वेगवान अल्गोरिदम, त्यात गॉस्पर यांचं १९७८ चं काम पोटात घेतलेलं. पण क-मुक्त (बाहेर गुणकांत क नसलेला) रिकरन्स शोधा आणि मग बेरीज घ्या, ही मूळ कल्पना तिची. झाइलबर्गरही तसंच सांगतात आणि पद्धतीला तिचंच नाव ठेवतात.

नक्षत्रवेडा

वा, मग व्हॅटिकनच्या चार सिस्टर यायलाच हव्यात. १८८७ मध्ये पॅरिसला ठरलं की जगभरच्या वेधशाळांनी आकाश वाटून घ्यायचं, फोटो काढायचे आणि ताऱ्यांची जंत्री करायची. प्रकल्पाचं नाव कार्ट दु सिएल. व्हॅटिकन वेधशाळेने एक पट्टा घेतला. फोटोच्या काचा जमल्या, पण मोजणार कोण? मग फादर हागेन यांच्या देखरेखीखाली मारिया बांबिना संघाच्या चार सिस्टर बसवल्या: एमिलिया पोन्झोनी, रेजिना कोलोंबो, कोंचेत्ता फिनार्दी, लुईजा पांचेरी. १९१० ते १९२१. एकीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ताऱ्याची जागा वाचायची, दुसरीने आकडे लिहून घ्यायचे. अशा ४,८१,२१५ ताऱ्यांच्या जागा.

आणि या सिस्टरांची नावं जगापुढे आली कधी? २०१६ मध्ये, वेधशाळेचेच फादर माफेओ जुने कागद लावत असताना. तोवर जुन्या फोटोखाली नुसतं 'नन्स'.

आपल्या बाजूचा धागा म्हणजे याच प्रकल्पात हैदराबादची निजामिया वेधशाळाही होती. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे आमच्या पणजोबांनी भरलेल्या शेतसाऱ्यातला एखादा आणा त्या ताऱ्यांवर खर्ची पडला असणार. मला हे आठवलं की उगाच बरं वाटतं.

ओपीडी_नंतर

या धाग्यावर एक वैद्यकीय भर. गणिताला किंवा ताऱ्यांना चर्चची ना नव्हती, पण सिस्टरने डॉक्टरकी करायला होती, विशेषतः बाळंतपणं करायला. चर्चच्या नियमांत ते बसत नव्हतं. मेरी ग्लोरी ही ऑस्ट्रेलियाची डॉक्टर. मेलबर्नहून १९१० मध्ये पदवी घेतलेली, चांगली प्रॅक्टिस. १९२० मध्ये ती आंध्रात गुंटूरला आली, सिस्टर झाली आणि पोप पंधरावे बेनेडिक्ट यांच्या खास परवानगीने तिथे डॉक्टर म्हणून काम केलं. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नव्हत्या, तिथे हिचा उपयोग. १९४३ मध्ये तिने कॅथलिक इस्पितळांची देशव्यापी संघटना काढली, ती अजून आहे. १९५७ मध्ये बंगळूरला वारली.

नियम बदलायला मात्र १९३६ उजाडलं. अ‍ॅना डेंगेल या ऑस्ट्रियन डॉक्टरने रावळपिंडीत बायकांना उपचाराविना मरताना पाहिलं होतं. तिने रोमकडे वर्षानुवर्षं धोशा लावला. तेव्हा पेठेतला_एकटा यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. फक्त तो गणितापेक्षा प्रसूतिगृहाला जास्त लागू पडतो.

पेठेतला_एकटा

घ्या! पाठिंबा मिळाला तर तोही प्रसूतिगृहातून.

ताकाला_जाऊन

अवांतर: कनेक्टिकटमध्ये एका मठात मदर नोएला मार्सेलिनो म्हणून आहेत, त्यांची पीएचडी चीजवरच्या बुरशीवर आहे, २००३ ची. कच्च्या दुधाचं चीज त्या लाकडी पिंपात लावायच्या. तपासनिसांनी लाकूड बंद करा, स्टील वापरा म्हणून सांगितलं. स्टीलमध्ये घातक जिवाणू वाढले. मग बाईंनी दोन्हीकडे मुद्दाम तोच जिवाणू घालून प्रयोग केला. लाकडात आधीच मुरलेल्या आम्ल करणाऱ्या जिवाणूंनी त्याला टिकू दिलं नाही. लाकडी पिंप राहिलं. आमच्या आजीला हे सांगायला हवं होतं, विरजणाचं मातीचं मडकं टाकून स्टीलचा डबा आणला म्हणून ती आईशी महिनाभर बोलली नव्हती.

बगनाशक

बेसिकबद्दल नोंद घेतली. मी आता मूळ पद्धतीवर आलोय. काल रात्री पास्कलच्या ओळींच्या वर्गांची बेरीज घेऊन बसलो. १, ४, ६, ४, १ चे वर्ग १, १६, ३६, १६, १. बेरीज ७०. ओळीमागून ओळ १, २, ६, २०, ७०. एक ओळ मागे जाऊन समीकरणं सुटत नाहीत, गुणक सगळे शून्यच येतात. दोन ओळी मागे गेल्यावर काय येतं?

रेषाखंड

शाब्बास, हेच उदाहरण मी वर्गात देते. फ(न, क) म्हणजे निवड(न, क) चा वर्ग धरला तर दोन ओळी मागे जाऊन हे मिळतं:

न × फ(न, क) − (२न−१) × [फ(न−१, क) + फ(न−१, क−१)] + (न−१) × [फ(न−२, क) − २ फ(न−२, क−१) + फ(न−२, क−२)] = ०

आता उभी बेरीज घ्या आणि शेवटच्या कंसाकडे बघा. एक वजा दोन अधिक एक. सगळा कंस शून्य! दोन ओळी मागे जावं लागलं, पण बेरीज घेताना ती ओळ स्वतःच निघून गेली. उरतं ते

न × बेरीज(न) = (४न−२) × बेरीज(न−१)

बगनाशक

४ × ७० = २८०. १४ × २० = २८०. भारी. स्प्रेडशीटमध्ये तीसाव्या ओळीपर्यंत ओढलं, जुळतंय. मग घनांचं? १, २, १०, ५६, ३४६ असं येतंय, पण एका मागच्या पदावरून पुढचं काढणारा साधा नियम मला दिसत नाही.

रेषाखंड

दिसणार नाही. घनांना मागची दोन पदं लागतात:

(न+१)² × बेरीज(न+१) = (७न² + ७न + २) × बेरीज(न) + ८न² × बेरीज(न−१)

न = ३ घाला. १६ × ३४६ = ५५३६. उजवीकडे ८६ × ५६ = ४८१६, अधिक ७२ × १० = ७२०, मिळून ५५३६. हा रिकरन्स फ्रानेल यांनी १८९४ मध्येच दिला होता, सेलिनच्या जन्माआधी. आज तो पद्धतीतून यंत्रावर निघतो. आणि वर्गांच्या बेरजेला जसं एका ओळीचं सूत्र आहे, निवड(२न, न), तसं घनांना का सापडत नाही, याचं उत्तर पेटकोवशेक यांच्या अल्गोरिदममधून मिळतं. त्याला हा रिकरन्स दिला की ते सांगतं, असं सूत्र नाहीच. चौथ्या घातापासून पुढचं तुम्ही करा, उद्या माझी प्रिलिमची सुपरव्हिजन आहे.